शेडग्यांची टाकी आणि लाल भंडारा

मंडळी, ऐका! या विश्वात जे जे येतं, ते ते जातं! राजा जातो, रंक जातो! रूप जातं, जवानी जाते, आणि सत्ता तर अशी जाते की खुर्ची अजून गरम असते! येणं आणि जाणं — या दोन खुंट्यांना बांधलेल्या झोपाळ्यावर अवघं ब्रह्मांड झोके घेतंय! मोठमोठ्या ज्ञान्यांनी डोळे मिटून, श्वास कोंडून एकाच प्रश्नाचा ध्यास घेतला — हे सगळं शेवटी जातं कुठं?

करंजवाडीत ते मागच्या परसात, केळीच्या अलीकडे, सिमेंटच्या झाकणाखाली जातं.

हसताय? हसा. पेटीवाले मात्र माझ्याकडं बघतायत. बघू द्या. इथं यायच्या आधीच दोघा-तिघा शहाण्यांनी मला बाजूला घेऊन बजावलंय, की बुवा, देवापुढं संडासाच्या टाकीचं आख्यान लावू नका. का लावू नये? अहो, तो विषय तुम्ही सगळेच पोटात घेऊन देवळात शिरलात. देवानं एकाला तरी दारात अडवलं? मग मलाच का अडवता? ज्याला लाज वाटत असेल त्यानं खुशाल नाक दाबावं. मला तुमचे कान हवेत.

तर आजचा प्रश्न. दारात आलेल्या माणसाला 'थांब' म्हणणं — हे पाप की पुण्य?

घाई नको. या पहिल्या रांगेतल्या मावशी लगेच मान हलवायला लागल्या — पाप, पाप! मावशी, तुमच्या घरी संडास किती? एक? आणि लग्नाला पाहुणे किती होते? बघा, मान थांबली. आता तशीच थांबू द्या आणि ऐका.

करंजवाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं गाव. तिथं शेडग्यांचं घर. घरात माणसं चार. तात्या शेडगे, वय झालेलं, मिशी न झालेली — म्हणजे मिशी अजून तरुणपणातच उभी. त्यांचा मुलगा भानुदास, गरीब माणूस. 'हो' म्हणायचं असलं की बायकोकडं बघायचा आणि 'नाही' म्हणायचं असलं की वडिलांकडं. नात कराडला शिकायला, म्हणजे ती सुट्टीपुरती. आणि चौथी, या घराची सून, कालिंदी. आख्यान तिचं आहे.

या घरात खंडोबाचे टाक आहेत. चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले देव — घोड्यावर मल्हारी, मागं म्हाळसा. सगळ्या भावकीचे देव, पण राहायला इथं. कालिंदी लग्न होऊन आली, तेव्हा सासूनं तिच्या हातात पहिली वस्तू ठेवली ती ही. सोबत चिंचेचा गोळा दिला आणि म्हणाली, "घास. पण देवाचं नाक झिजवू नकोस." पुढं सासू गेली. टाक दर सणाला घासले जातात. देवाचं नाक अजून शाबूत आहे. एवढं सांगितलं म्हणजे कालिंदी कशी बाई आहे ते वेगळं सांगायला नको.

आता मार्गशीर्षात येते चंपाषष्ठी. त्या दिवशी अख्खी भावकी या घरी. पुण्याची, सांगलीची, मुंबईची, शिवाय ज्यांचं नातं काढताना तात्यांनाही डोकं खाजवावं लागतं ती! आणि ही सगळी मंडळी चातुर्मास पाळून आलेली. वांगं नाही, कांदा नाही, लसूण नाही. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा देवाला दाखवायचा, आणि मग जिभेला मोकळं सोडायचं. जीभ सुटते हो! कांद्याची पात काय, लसणाची फोडणी काय, तिसऱ्यांदा भरीत काय! जिभेला सगळे विचारतात, "आणखी वाढू का?" पोटाला कोणी विचारत नाही. आणि टाकीला? टाकीचं तर नाव काढायचं नाही.

तात्यांचा बाणा एकच. "शेडग्यांच्या दारात आलेल्याला आजवर कुणी 'थांब' म्हटलं नाही." वाक्य मोठं झोकदार! पण गंमत बघा. घर बांधताना अंगण केवढं करायचं, असं गवंड्यानं विचारलं, तर तात्या म्हणाले, सगळी भावकी पंगतीला बसली पाहिजे. टाकी केवढी करायची, असं विचारलं, तर म्हणाले, घरात आम्ही चौघंच.

आलं का ध्यानात? जेवायला भावकी, आणि पुढच्या कामाला चौघं!

मंडळी, टाकी म्हणजे नुसता हौद नव्हे. तीही एक पंगतच आहे. डोळ्यांना न दिसणारे जीव आत बसलेत. आलेल्याचा निमूट फडशा पाडतात. जड ते तळाशी बसतं, वरचं पाणी हळूच शेजारच्या शोषखड्ड्यात उतरतं, आणि तिथली माती ते पिऊन टाकते. सगळा कारभार सावकाशीचा. आता या पंगतीवर एकाच सकाळी बादल्यांवर बादल्या पाणी ओता. बसलेलं उठतं, खाणाऱ्यांना खाता येत नाही, गाळ वाहत वाहत खड्ड्यात जातो आणि मातीचं तोंडच बंद करतो. मग मागून येणारं पाणी कुठं जाणार? आलं त्या वाटेनं घरी परत!

आदल्या वर्षी तेच झालं. अंगणात पाच पुरुषांनी तळी उचलली. तळी म्हणजे ते ताट — विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि पिवळाजर्द भंडारा. पाचांनी ताट वर नेलं, "सदानंदाचा" म्हणाले, आणि "येळकोट" म्हणायच्या आत न्हाणीघराच्या मोरीनं उत्तर दिलं — गुडगुडगुड! काळं पाणी उंबऱ्यावरून अंगणात आलं, अंगणातून पंगतीच्या पाटांपर्यंत गेलं. तळी खाली ठेवता येईना, जमिनीवर पाय टेकवेना. पाच कर्ते पुरुष एकेक पाय वर घेऊन बगळ्यांसारखे उभे!

वास? वासाचं वर्णन मी करणार नाही. तुम्हाला अजून प्रसाद घ्यायचाय.

त्या गोंधळात एक माणूस कोरड्या जागी उभा होता. प्रल्हादराव, तात्यांचे पुतणे. पुण्याला सोसायटीचे चेअरमन. चेअरमन माणूस पाटावर बसला तरी सभा भरल्यासारखी वाटते. पाणी ओसरल्यावर त्यांनी विषय मांडला, अनुमोदन कुणीतरी दिलंच, आणि ठरलं. देवाला अशा घाणीत ठेवणं बरं नव्हे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये संगमरवरी देव्हारा तयार आहे. पुढच्या चंपाषष्ठीला पुन्हा असं झालं, तर टाक पुण्याला जातील.

तात्यांनी नुसता मिशीवरनं हात फिरवला. कालिंदी ओले पाट उचलत होती. तिनं हातातला पाट खाली ठेवला. आधी देव्हाऱ्याकडं बघितलं, मग मोरीकडं. आणि मंडळी, तिथंच तिनं पदर खोचला.

दसरा झाल्याबरोबर तिनं उपसणारी गाडी बोलावली, शोषखड्ड्यात साचलेला गाळ काढवला आणि टाकी रिकामी करवली. तळाला थोडा गाळ मुद्दाम राहू दिला, दह्याला विरजण ठेवावं तसा. तुम्ही सणाआधी घराला रंग देता, तोरण बांधता, पडदे धुता. टाकी उपसता? नाही! कारण ती फोटोत येत नाही.

मग केळीच्या पलीकडं तट्ट्यांच्या न्हाण्या उभ्या केल्या, तिथंच तांब्याचा बंब मांडला. अंघोळीचं पाणी सरळ केळीच्या आळ्यात. भांडी घासायची ती बांधावर, आणि भरिताचं तेल मोरीत नाही, उकिरड्यावर. शेजारच्या दोन घरांत जाऊन सांगून आली की सणादिवशी तुमचंही दार आमच्या पाहुण्यांना उघडं ठेवा. आणि मग भावकीत एकेक फोन लावला. निरोप एकच. अंघोळ बाहेर, माणशी बादली एक. कपडे धुवायचे नाहीत, मळलेले तसेच परत न्यायचे. पोरांचे लंगोट आणि कागदी रुमाल संडासात टाकायचे नाहीत. पटलं तर या. नाही पटलं तरी या, देव तुमचेही आहेत. पण नियम बदलायचा नाही.

भावकी पेटली! काल आलेली सून आम्हाला बादली मोजून देणार? 'काल आलेली' म्हणजे तिची पोरगी कॉलेजात होती, पण भावकीचा काल लांब असतो. तात्यांकडं तक्रारी गेल्या. तात्यांनी तिला बोलावून घेतलं.

"सूनबाई, आपल्या दारात आलेल्याला आजवर कुणी..."

"माणसाला नाही म्हणत थांब, तात्या. पाण्याला म्हणते."

"लोक काय म्हणतील?"

"गेल्या वर्षी काय म्हणाले ते ऐकलं की आपण."

तात्यांनी भानुदासाकडं बघितलं. भानुदासानं ठरल्याप्रमाणं वडिलांकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं, आणि गोठ्यात निघून गेला.

उगवली चंपाषष्ठी! पहिल्या आल्या गोदाआत्या, तात्यांची थोरली बहीण. भावकीत शेवटचा शब्द त्यांचा. आत्यांच्या पिशवीत दोन वस्तू कायम — जपमाळ आणि फिनेलची बाटली. जातील तिथं आधी फिनेल ओतायचं, मग पाऊल टाकायचं. कालिंदी वाटेतच हात पुढं करून उभी राहिली.

"आत्याबाई, बाटली द्या."

"का गं? स्वच्छतेला वापरते मी."

"खाली टाकीत जीव आहेत. फिनेलनं मरतात."

"कसले मेले जीव?"

"सगळ्यांचं निस्तरतात, आणि दिसत कुणाला नाहीत, असले."

गोदाआत्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे सुनाच की." आणि बाटली काढून दिली.

हं, इकडच्या बायका हसल्या, तिकडचे पुरुष नाही हसले. असू दे. पुढं ऐका.

बाकीची मंडळी कुरकुरत केळीकडं गेली. आणि गेली ती तिथंच रमली! उघड्यावर ऊन ऊन पाणी, वर निळं आभाळ, शेजारच्या तट्ट्याआडनं चुलतभावाचं बेसूर गाणं. ज्यांची वर्षभर बोलाचाली नव्हती ते एकमेकांची पाठ चोळून देत होते. कालिंदीला वाटलं, निभावतंय.

तेवढ्यात प्रल्हादरावांची मोटार आली. सपाट, कोरडी, छान सावलीची जागा हेरून उभी राहिली. कुठं? नेमकी शोषखड्ड्यावर!

"भाऊजी, गाडी काढा. खाली खड्डा आहे. माती दबली की पाणी पीत नाही."

चेअरमननी गाडी काढली. पण चारचौघांत काढावी लागली, ते मनात राहिलं. खांद्यावर टॉवेल टाकून ते केळीकडं न जाता सरळ घरातल्या न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी घातली. वर फवारा सोडला. मंडळी, पुण्याच्या सोसायटीत 'पाणी जपून वापरा' अशी पाटी यांच्याच सहीनं लागते!

आता एका माणसाच्या अंघोळीनं टाकी भरत नाही, हे कालिंदीलाही ठाऊक होतं. पण त्या दारापुढं बघता बघता रांग लागली. कुणाच्या हातात टॉवेल, कुणाच्या हातात धुवायच्या कपड्यांचं बोचकं. चेअरमनना चालतं, मग आम्हाला का नाही? नियम असा मरतो बघा. त्याला कुणी मारत नाही, नुसता एकाला माफ करतात!

कालिंदी रांगेशी भांडली नाही. जिना चढून गच्चीवर गेली आणि पाण्याचा कॉक बंद करून खाली आली. संडासापुरतं पाणी तिनं पिंपात भरून ठेवलंच होतं. न्हाणीघरातला फवारा आधी कण्हला, मग थेंबावर आला, मग गप्प झाला.

आतून आवाज आला, "पाणी गेलं."

"गेलं नाही, भाऊजी. मी बंद केलंय."

"वहिनी, मी साबण लावलाय."

"मग केळीपाशी या. बंब तापलाय."

"असा? एवढ्या लोकांतून?"

"गेल्या वर्षी एवढ्याच लोकांतून काळं पाणी आलं होतं. त्यापेक्षा तुम्ही बरे दिसाल."

चेअरमननी पर्यायांचा विचार केला. पर्याय नव्हता. कडी निघाली. कमरेला टॉवेल, डोक्यापासून पोटरीपर्यंत पांढरा फेस, डोळे घट्ट मिटलेले, आणि हात पुढं करून चाचपडत प्रल्हादराव अंगणात आले. आणि नेमकं तेव्हाच अंगणातल्या पोरांनी भंडारा उधळायला सुरुवात केली होती. येळकोट येळकोट! मूठभर, ओंजळभर, सगळा पिवळा भंडारा त्या ओल्या फेसाळ अंगावर!

आणि मंडळी — पिवळा भंडारा अंगावर पडला आणि लाल झाला! बघता बघता कपाळ लाल, छाती लाल, दंड लाल! जणू मणी-मल्ल दैत्यांना मारून रणातून मल्हारीच परत आला! साबण डोळ्यांत गेलेला, म्हणून प्रल्हादराव मान झटकत घुमायला लागले. झालं! गोदाआत्यांनी हात जोडले. मागं तात्यांनी जोडले. मग सगळ्या भावकीनं.

आत्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "देवा मल्हारी, आलास. आता तूच सांग बाबा. तुझे टाक कुठं ठेवायचे?"

बघा प्रसंग! मोरी कोरडी ठाक आहे. टाकी शांत आहे. दसऱ्यापासूनची मेहनत फळाला आलीय. आणि निकाल कुणाच्या तोंडी आला? साबण लावलेल्या माणसाच्या! प्रल्हादरावांनी प्रश्न ऐकला. घुमणं जरा वाढलं. आणि आलेला विषय चेअरमन सोडेल काय?

"मला," लाल तोंड उघडलं, "पुण्याला..."

"साबण आहे," कालिंदी म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण अख्ख्या अंगणाला ऐकू गेलं.

"सूनबाई!" तात्या म्हणाले. आत्या वळल्या. "देवापुढं असलं बोलतेस?"

"देवापुढंच बोलते, आत्याबाई. देव आत देव्हाऱ्यात आहेत. आज सकाळीच मी चिंचेनं घासलेत. ते न्हाणीघरातून येत नाहीत." मग ती बायकांकडं वळली. "हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं, हे इथं एकीलाही माहीत नाही?"

तिनं स्वतःच्या पदरावर पडलेला भंडारा घेतला, कपडे धुवायला बोचकं घेऊन आलेल्या जावेच्या हातातली साबणाची वडी घेतली, ओली करून पदरावर घासली. पदर लाल! एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळं अंगण! कारण जिनं जिनं म्हणून हळदीचं लुगडं धुतलंय, तिला तिला हे ठाऊक होतं. फक्त देवाचं नाव निघालं की आपण ठाऊक असलेलं विसरतो.

तिला गप्प बसता आलं असतं. किंवा तोच चमत्कार आपल्या बाजूला वळवून, "देव कोपला, देव कोपला" म्हणता आलं असतं. तिनं यातलं काही केलं नाही. खोट्या कौलावर देव घरात ठेवायचे, तर ते घासून चकचकीत करून उपयोग काय?

हसण्याच्या गलक्यात प्रल्हादराव बारीक आवाजात म्हणाले, "वहिनी, डोळे फार जळतायत हो."

कालिंदीनं त्यांचा हात धरला, केळीपाशी नेलं, आणि स्वतःच्या हातानं तांब्याभर ऊन पाणी डोळ्यांवर ओतलं. पुढची अंघोळ त्यांची त्यांनी केली. बादली एकच लागली. आणि न्हाणीतून गाण्याचा आवाज आला, असं भानुदास सांगतो. तो त्या वेळी गोठ्यातच होता.

मग तळी उचलली. पाचात प्रल्हादराव होते, कोरडे आणि स्वच्छ. "सदानंदाचा" म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना कुठं वळल्या? देव्हाऱ्याकडं नव्हे, मोरीकडं! मोरी गप्प. येळकोट!

पंगत झाली. भरीत किती उठलं ते विचारू नका. खरी परीक्षा पंगतीनंतर सुरू झाली. संडासाचं दार उघडतंय, मिटतंय, काही पाहुणे शेजाऱ्यांकडं जातायत, आणि कालिंदी परसात उभी. उन्हं कलली तसं तिनं आत्यांना बोलावलं आणि टाकीचं झाकण सरकवलं. आत्या वाकून आत बघत राहिल्या. पाणी आपल्या जागी होतं, संथ. आयुष्यभर फिनेल ओतलं, पण आत्यांनी टाकीचं दर्शन पहिल्यांदाच घेतलं.

अंगणात येऊन त्यांनी प्रल्हादरावांना हाक मारली.

"प्रल्हादा, तुझ्या त्या फ्लॅटमधलं पाणी जातं कुठं रे?"

प्रल्हादरावांनी बराच विचार केला. "माहीत नाही, आत्या. खाली जातं."

"खाली म्हणजे कुठं?"

"कधी बघितलं नाही."

"मग देव इथंच राहू देत," आत्या म्हणाल्या. "ज्या घराला आपली घाण कुठं जाते ते ठाऊक आहे, तिथं देवाला धोका नाही."

ठराव कुणी मांडला नाही, अनुमोदन कुणी दिलं नाही. कालिंदीनं खोचलेला पदर सोडला. पदराचं टोक लालच होतं.

आणि तात्या? घरातल्या न्हाणीघराकडं एक भाचेजावई टॉवेल टाकून निघाले होते. बाजेवरनं काठी आडवी आली.

"थांब," तात्या म्हणाले. मिशी जागची हलली नाही.

तर मंडळी, हे पाप की पुण्य? मावशी, आता हलवा मान! अहो, देवापुढं सगळे म्हणता, "आणखी दे, आणखी दे." दिलेलं जाणार कुठं, याचा विचार कुणी केला? लग्न काढलं की मांडव केवढा, आचारी कोण, बँड कुठला — आणि टाकी? ती तर चौघांचीच! पाहुण्याला प्रेमानं वाढा, पण त्याला एक बादली द्यायला लाजू नका. सणाआधी झाकण उघडून बघा. कपड्यांचा ढीग सणाच्या सकाळी काढू नका. आणि घरात कुणी पदर खोचून 'थांब' म्हणालं, तर तिला काल आलेली म्हणू नका. तिचं ऐका! लोक काय म्हणतील? म्हणू देत! लोक जेवून जातात. मोरी आपल्या घरात राहते!

बोला, सदानंदाचा येळकोट!

आता आरती. भरीत भरपूर आहे, सगळ्यांनी घेऊन जा. त्याआधी एवढं एकच — यजमानांच्या परसात ती पांढरी मोटार कुणाची आहे? शोषखड्ड्यावर उभी आहे. तेवढी जरा मागं घ्या.